कुणालाच न दिलेला नंबर

आमच्या गावात चिंचेवरच्या बाईची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी मुद्दाम त्याच झाडाच्या चिंचा खायचे. त्यामुळे गूढ अनुभवांच्या अशा सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण आली...

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव कन्नडजवळ, कॉलेज संभाजीनगरला, खोली उस्मानपुऱ्यात, सोबत निलोफर. घरचा निरोप तिच्याच फोनवर यायचा. निरोप म्हणजे नुसत्या रिंगा — एक वाजली तर पोचलो, दोन तर फोन कर, तीन तर असशील तशी निघ. अनलिमिटेड पॅक आले तरी आईची ही सवय सुटली नाही.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नानंतर खूप वर्षांनी दिवस राहिलेले, त्यामुळे ती मनातून फार घाबरली होती. मी गावाहून निघताना म्हणाली, "मने, त्या टायमाला तू जवळ पाहिजे बरं. आई नुसती रडत बसंल." मी शब्द दिला. तारीख लांब होती, म्हणून निर्धास्त होते.

आणि मग माझा पहिला स्मार्टफोन आला. सिमही नवं, त्याच सकाळी सुरू झालेलं. निलोफर माझी मास्तरीण. "वो अलाऊ दबा, आगे चल." मी मात्र प्रत्येक ओळ वाचत होते. "अगं, इतना तर तू पेपर भी नाही वाचत," ती वैतागली. बोटाचा ठसा द्यायचा म्हणून मी आधी साबणाने हात धुऊन आले. ती वरचं प्लॅस्टिक काढायला लागली तेव्हा मी तिचा हातच धरला. नव्या वस्तूचं प्लॅस्टिक इतक्या लवकर काढतात का? त्या दिवशी माझ्याइतकं खूश शहरात कुणी नसेल.

कॉन्टॅक्टची यादी रिकामी होती. नंबर कुणालाच दिला नव्हता, मला स्वतःलाही तो पाठ नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. एक रिंग... दोन... तीन. बंद. स्क्रीनवर आईचा नंबर.

"तूने नंबर कब दिया?" निलोफरने विचारलं.

"दिलाच नाही."

उलट लावला तर वाजतच राहिला, कुणी उचलेना. "गलती से लगा असेल," ती म्हणाली खरी, पण माझे कपडे बॅगेत तिनेच कोंबले आणि स्कूटीवरून स्टँडला सोडलं.

कन्नडला उतरले तर आमच्या गावचा जीपवाला समोर. "घरी कुठं चालली? तुह्या ताईला म्याच दवाखान्यात सोडलं की."

धावत पोचले. नर्सबाईंनी मला आत येऊ दिलं. ताईने माझा हात असा आवळला की बोटं सुन्न झाली. दिवस मावळायच्या आत मला भाची झाली. तिचा पहिला फोटो माझ्या फोनने काढला, तो पार धुकट आला — लेन्सवरचंही प्लॅस्टिक तसंच होतं. आम्ही इतक्या हसलो की नर्सबाई रागावल्या.

मग मी आईला म्हटलं, "बरं झालं रिंग दिलीस."

आई बघतच राहिली. "म्या कवा दिली? फोन तर घाईत घरीच राहिला, कुलपात. ही सारखी म्हणत होती, मनीला रिंग दे, मनीला रिंग दे. अन् तुहा नवा नंबर मला कुठं ठाऊक?"

घरी जाऊन पाहिलं. आईच्या फोनमध्ये तो कॉल नव्हता. माझ्यात होता. निलोफरने नेटवर्कची नाना कारणं शोधली, तिचं तिलाच एकही पटलं नाही.

ताईला मात्र यात नवल वाटत नाही. त्या दुपारी फोन नाही म्हटल्यावर तिने कळा सोसत आईच्या तळहातावर तीनदा बोट दाबलं होतं, बटण दाबल्यासारखं. लेकीला पाजता पाजता ती मला म्हणाली, "त्यात काय एवढं? म्या लावला, तुला लागला."