बिरोबाच्या नावाची वासरं

बिरदेवमामा देवभोळा नव्हता. धनगराच्या पोटी जन्मून बिरोबाच्या देवळात तो वर्षातनं एकदा, जत्रेलाच जायचा, आन् तेही मटणाच्या वासानं, असं त्याची बायको अनसाबाई सांगायची. मेंढरं त्याच्या बापानंच विकून टाकली होती. आता कासुर्डीच्या खालच्या अंगाला, वाडीवर, थोडं रान, चार शेळ्या आन् एक खोड: टाकलेलं जनावर दिसलं की मामाचा पाय पुढं निघायचा नाही.

नव्वद सालानंतर आमच्याकडं घरोघर जर्सी गाया आल्या. कालवड झाली की पेढे वाटायचे, गोऱ्हा झाला की तोंडं वाकडी. जर्सीच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं, त्यामुळं मानेवर जू ठरत नाही. दूध देईना, नांगर ओढीना, त्याला पोसायचं कुणी? मग मालक त्याला रस्त्याकडंच्या बाभळीला बांधायचा, खाटकाचा टेम्पो येऊन घेऊन जायचा, आन् घरी म्हातारीला सांगायचं की दावं तोडून पळाला.

दूध संस्थेचे चेअरमन हौसराव यांचा असाच एक गोऱ्हा बाभळीला बांधलेला मामाला दिसला. टेम्पो समोरनं येतच होता. मामाच्या खिशात पाव्हण्याच्या घरच्या देवकार्यातली भंडाऱ्याची पुडी होती. त्यानं ती सोडली, गोऱ्ह्याचं कपाळ पिवळं केलं आन् ड्रायव्हरला शांतपणानं म्हणाला, "बिरोबाला सोडल्याला हाय. न्यायचा तर न्या. मागं एकानं नेला हुता, त्याचा टेम्पो अजून दिवे घाटाच्या दरीत हाय."

ड्रायव्हरनं गोऱ्ह्याला हात जोडले आन् टेम्पो रिकामा नेला. मामानं गोऱ्हा आपल्या वाडीवर आणला.

गोष्ट गावात झाली. हौसराव आधी चपापले, मग दोन दिवसांनी संस्थेच्या मीटिंगीत आपणच देवाला गोऱ्हा सोडल्याचं सांगून मोकळे झाले. टाळ्या पडल्या. त्यानंतर मामाच्या कुंपणाला कपाळ पिवळं केलेले गोऱ्हे सापडायला लागले. पूर्वी जनावर टाकताना माणूस मान खाली घालून जायचा. आता नमस्कार करून जायला लागला. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका बाबूची बदली झाली, तर त्यानं पांढऱ्या सशांची जोडी खोक्यातनं आणून ठेवली. भंडारा त्याला मिळाला नसावा. सशांना स्वैपाकातली हळद होती, खोक्यात थोडं तिखटही सांडलेलं, त्यामुळं हे ससे मूळचे कुठं निघाले होते याची अनसाबाईला शंका आली.

ससे पाबळच्या भाचीनं हौसेनं नेले. गोऱ्ह्यांची सोय मात्र लागेना. हौसरावांच्या गोऱ्ह्याला, पिवळ्याला, बघायला शिरूरकडनं शंकरराव आले. जू नसलं तरी चालंल, गळपट्टा घालून पाण्याची टाकी ओढायला लावू, म्हणाले. दात बघितले, खूर बघितले, शेवटी कपाळ बघितलं.

"देवाचा बैल कामाला कसा जुंपू, मामा? आमाला पोरंबाळं हायती."

मामानं कपाळ साबणानं धुतलं. पण धुतल्यानं ठाऊक झालेलं जात नाही. ज्या भंडाऱ्यानं खाटीक लांब ठेवला, त्यानंच शेतकरीही लांब ठेवला. त्यात दुष्काळाचं साल. कडबा संपला, शेळ्यांच्या तोंडचा पाला गोऱ्ह्यांना जायला लागला, तरी त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशा झाल्या. एक तर उठेनासाच झाला.

अनसाबाई म्हणाली, "खाटकाकडं एकदाच मेली असती. तुमच्याकडं रोज मरत्यात."

मामाला ते लागलं. जत्रेत चार माणसांत उभं राहून आपण खोटं बोललो असं सांगायचं त्यानं ठरवलं. देवाच्या नावानं खोटं म्हंजी वाळीत पडायची तयारी. पण पिवळ्याला घर मिळालं असतं.

जत्रेत हौसरावांना गोऱ्हा देवाला सोडल्याबद्दल फेटा बांधत होते. मामा पुढं सरकला, घसा साफ केला, आन् तेवढ्यात मागनं बाया किंचाळल्या. अनसाबाई घुमत होती. जन्मात तिच्या अंगात कधी आलं नव्हतं. ढोल थांबले. पुजाऱ्यानं विचारलं, देवा, काय चुकलं?

"मला दिल्यालं मला पावलं," देव बोलला. "आता ज्याचं त्यानं माघारी न्यावं. पोटभर घालावं, कामाला लावावं, न्हाईतर कामाला लावणाऱ्याला द्यावं. खाटकाला इकंल त्याचं मी बघंन."

हौसरावांनी हात जोडून विचारलं, त्याऐवजी एक बोकड चालंल का? देवानं नुसतं त्यांच्या नव्या फेट्याकडं बघितलं.

दिवस मावळायच्या आत कुंपण मोकळं झालं. मालक आपापला गोऱ्हा न चुकता ओळखत होते. हौसरावांनी डोईवरच्या फेट्यासकट पिवळ्याला घरी नेलं आन् दुसऱ्याच दिवशी शंकररावांना बोलवून, पोरगी वाटं लावावी तसा, पेंडीचं पोतं बरोबर देऊन वाटं लावला.

त्या संध्याकाळी जत्रेतनं घरी जाताना, वाडी दिसायला लागल्यावर मामा हळूच म्हणाला, "अनसे, खरंच आल्ता का गं बिरोबा?"

"तुमच्या भंडाऱ्याच्या पुडीत हुता का?" ती म्हणाली, आन् शेळ्यांना पाणी दावायला गेली.