बर्फाच्या भिंतीवर पल्लवी, दोर माझ्या हातात

भुसावळला गाडी हलली तरी आबा खिडकीबरोबर चालतच होते. आबा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, पल्लवीचे वडील, अमळनेरजवळच्या खेड्यातले. पोरगी आत बसलेली, आणि हे बोलत होते माझ्याशी. "तुन्हा भरोसावर धाडी राह्यनू भाऊ. पोरले सांभाळजो." (तुझ्या भरवशावर पाठवतोय, मुलीला सांभाळ.) मी दोन्ही अंगठे वर केले. ते अंगठे आठवले की आता कसंतरीच होतं.

प्लॅन माझाच होता. हिमाचलच्या पार वरच्या टोकाला, स्पितीत, गोठलेला धबधबा चढायला शिकवतात. नवशिक्यांनाही! आमच्या जळगावात बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडचा, पोत्यात गुंडाळलेला. त्यामुळे मी नुसता वेडा झालो होतो. पल्लवी आधी नाही म्हणत होती. मी मागे लागून लागून तिला तयार केलं.

दिल्ली, शिमला, आणि मग जीप. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली खोल नदी, आणि आमचा ड्रायव्हर एका हाताने चहा पीत गाडी चालवणारा. आबांनी दिलेली केळी वाटेत काळी पडली आणि वर पोहोचेपर्यंत इतकी गोठली, की पल्लवीने एक टेबलावर आपटलं तर खाट्कन आवाज आला. जिच्याकडे उतरलो होतो ती काकू हसून हसून खाली बसली. तिने थुक्पा (नूडल्स, भाज्या घातलेलं गरम पातळ सूप) दिला. वाटी दोन्ही हातांनी धरायची, तोंड वाफेत घालायचं. काय सांगू, स्वर्ग!

सकाळी धबधबा पाहिला. पाणी पडता पडता थांबलेलं. निळसर, कुठे दुधाळ, कुठे मेणबत्तीच्या ओघळांसारखं. आतून कुठूनतरी पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज येत होता.

शिकणारे आम्ही सात-आठ जण होतो, शिकवायला तेन्झिन नावाचा तिथलाच तरुण. बुटांना खालून पोलादी दात बांधायचे, पुढे दोन दात बाहेर आलेले असतात, ते बर्फात रोवून उभं राहायचं. टाच वर गेली की संपलं, दात निसटतात. दोन्ही हातांत बर्फाच्या कुऱ्हाडी. ताकद लावायची नाही, मनगटाने झटका द्यायचा. मी दिला दणका. ताटाएवढी ढलपी निघून माझ्याच हेल्मेटवर आली.

"भैया, लकड़ी फाड़ रहे हो क्या?" तेन्झिन म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

दोर वर अडकवलेल्या कडीतून खाली येतो. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खालच्याच्या. खालचा दोर ओढून घेत राहतो, चढणारा दमला की कसून धरतो, सांगितलं की हळूहळू सोडतो. तेन्झिनने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "ऊपरवाला बोले नीचे, तो नीचे. पूछना नहीं."

मी मान हलवली.

पल्लवी पहिली चढली, आणि काय चढली! टाचा खाली, कुऱ्हाडी नेमक्या. अर्ध्याच्या वर गेली आणि थांबली.

"बस रे. उतरव मला."

"अगं, मस्त चाललंय! थोडंच राहिलं!"

"नको. हात गेले माझे. उतरव."

आता आमच्याकडचं सांगतो. आमच्याकडे 'नको'ला कोणी विचारतच नाही. ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वरण सोडणारी माणसं आम्ही. नको म्हणायचं पाहुण्याने, वाढायचं घरच्याने, हीच रीत. मला खरंच, अगदी खरंच वाटलं की मी तिला मदत करतोय. मी दोर कसून धरला आणि ओरडलो, "एक पाऊल, माझ्यासाठी एक पाऊल!" बाकीचेही टाळ्या वाजवायला लागले. ती एक पाऊल वर गेली. मग मी अजून एक मागितलं.

मग तिचा आवाज बदलला. "उतरव ना रे... उतरव..."

तेन्झिन पलीकडच्या दोरावर होता. तो धावत आला, माझ्या हातातून दोर घेतला आणि तिला खाली आणलं. हातमोजे काढले तर बोटं पांढरी. हात वर धरून धरून रक्त उतरलेलं, त्यात ती थंडी. बोटांत रक्त परत यायला लागलं की मरणाची कळ येते म्हणे. पल्लवी कोपरात तोंड खुपसून ओरडत होती. तेन्झिनने तिचे हात आपल्या जॅकेटच्या आत काखेत धरले. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोटं वाचली. मी "सॉरी" म्हटलं, ती "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. दोर पल्लवीने मागून घेतला. मी चढलो, पोटऱ्या थरथरायला लागल्या, आणि टोक अगदी दिसत असताना म्हणालो, "बस, नको आता." खरं म्हणजे मला उतरायचं नव्हतं. खालून कोणीतरी 'चल रे' म्हणावं, एवढंच हवं होतं.

दोर लगेच सैल झाला. मी हळूहळू सरळ खाली.

"अगं, थोडंच राहिलं होतं!"

"तू नको म्हणालास," ती म्हणाली आणि माझी गाठ सोडायला लागली.

परतीच्या गाडीत ती बोलली, हसली, शेंगदाणेही दिले. त्या दुपारचं मात्र एक अक्षर नाही. अमळनेरला आबा स्टेशनवर उभे होते. "कसं राह्यनं बेटा? यानी सांभाळं ना तुले?" (कसं झालं? याने सांभाळलं ना तुला?)

पल्लवीने बॅग त्यांच्या हातात दिली. "मज्या आली आबा. पुढच्या वर्षी परत जाणार मी."

"वा! मंग दोन्हीजन जा."

"जाऊ ना. फक्त दोर याच्या हातात नको."

आबा खो खो हसले, माझ्या पाठीत धपका मारला. तीही हसली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? लोक विचारतात, काय शिकून आलास? मी टाचा, मनगट, कुऱ्हाड सगळं भरभर सांगतो. फोटो दाखवतो. फोटोत पल्लवी भिंतीवर आहे, फार सुंदर दिसतेय, आणि लोक म्हणतात, काय हिंमत आहे पोरीची. ती तेव्हा खाली बघून काय म्हणत होती, ते फोटोत ऐकू येत नाही. मला येतं.