दवाखाना स्टेशनावरचा थांबा

शहर अंगानं वाढलं की आधी आपली स्टेशनं खातं. या शहरानं तीन खाल्ली. लाकूडबाजार गेलं, तिथे आता मोटारी धुतात. मीठगोदी गेलं, त्याच्या फलाटात उंच इमारतीचे खांब रोवलेत. गिरणी स्टेशनाचं तर छप्परसुद्धा कुणीतरी उचलून नेलं आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वाईट वाटलं ते मामांना.

मामा म्हणजे शहरातल्या आतल्या लाइनीवरचे ड्रायव्हर. सख्खा भाचा एकही नाही, पण शेडमधले लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. उभा जन्म त्यांनी त्याच रुळांवर काढला. स्टेशन बंद झालं की हुकमाचा कागद यायचा, मामा सही करायचे. पण डोक्याला कळलं म्हणून हाताला थोडंच कळतं? ठरलेली जागा आली की हात आपसूक ब्रेककडे जायचा. म्हणून नुकत्याच बंद झालेल्या स्टेशनावरून जाताना मामा तो हात मांडीखाली दाबून बसायचे. शेडच्या मुकादमाची मुलगी केल्यापासून ज्याला सगळे 'जावई' म्हणत, तो त्यांचा सहायक चिडवायचा, "मामा, दोरी आणू का बांधायला?"

"आण. जित्याची खोड आहे ही," मामा म्हणायचे.

चौथं जाणार होतं ते दवाखाना स्टेशन. मामी तिथल्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होत्या आणि संध्याकाळी मामांच्याच गाडीनं घरी यायच्या. इंजिनाला लागून असलेल्या डब्यात चढायच्या. गुडघ्यांनी दगा दिलेला, त्यामुळे आधी पिशवी वर, मग एक पाय, मग गुडघ्यांना दोन शिव्या, मग दुसरा पाय. मामा खिडकीतून मान वळवून बघायचे आणि त्या आत गेल्यावरच शिट्टी द्यायचे. घरी मात्र दोघं त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या. मामा रजेवर असतानाच दवाखाना स्टेशनही बंद झालं. कामावर आल्यावर त्यांनी कागद वाचला, सही केली आणि गाडी काढली. दिवसभर सगळं सुरळीत झालं. संध्याकाळच्या फेरीला मात्र गाडी दवाखान्याच्या फलाटाला लागली आणि थांबली.

"मामा, सिग्नल हिरवा आहे," जावई हळूच म्हणाला. "हे बंद झालंय."

मामा मान वळवून रिकाम्या फलाटाकडे बघत राहिले. मग त्यांनी शिट्टी दिली आणि गाडी हलली.

व्हायची ती चौकशी लागली. साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जावई कानाशी लागला. "सिग्नल लाल होता म्हणा. केबिनवाल्याशी बोललोय मी, तोही तेच सांगेल. इंजिन गेलं तर तुमच्यापाशी राहिलं काय, मामा?"

काहीच राहत नव्हतं. मूलबाळ नाही, घरात गेलं की चार भिंती. सकाळी उठायला कारण म्हणून तेवढं इंजिनच उरलं होतं, आणि हे मामांना जावयापेक्षा जास्त ठाऊक होतं.

साहेब माणूस भला. मामींचं त्यांच्या कानावर आलं होतं. ते म्हणाले, "सवयीनं थांबलात, असं लिहितो. ताकीद देतो आणि विषय मिटवतो."

लाल सिग्नलचं खोटंही बोलावं लागणार नव्हतं. नुसती मान हलवली की झालं.

"ब्रेक सवयीनं लागला, साहेब," मामा म्हणाले. "पण गाडी थांबल्यावर माझ्या लक्षात आलं होतं. तरी थांबलो."

"किती वेळ?"

"तिला चढायला लागायचा तेवढा."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग विचारलं, "उद्या त्याच फेरीवर पाठवलं, तर निघून जाल ना सरळ?"

मामांनी खरंच विचार केला. हो म्हणायची त्यांची फार इच्छा होती.

"नाही जमणार, साहेब. पुन्हा थांबेन. आणि मागून माणसांनी भरलेली गाडी येत असते. मला इंजिनावरून उतरवा."