भाऊजींचं काम

धाकटी कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची. आईवडील लवकर गेले, तिला वाढवलं थोरल्या बहिणीनं. ताई लग्न करून सासरी आली ती धाकटीला बरोबर घेऊनच, आणि भाऊजींनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. पुढे हाताशी पगार आल्यावर धाकटी दोन गल्ल्या सोडून वेगळ्या खोलीत राहू लागली.

कारखान्यातल्या एका मुलीला नवऱ्यानं जिन्यावरून ढकललं, तेव्हा वस्तीतल्या पोरापोरींनी मिळून गट काढला. त्यात धाकटी पहिली. पुढारी कॉलेजात शिकणारा एक मुलगा. बोलायला लागला की आवरत नसे, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. ही मंडळी अंगणात, गच्चीवर, कारखान्याच्या फाटकाशी एक छोटं नाटक करत. नाटकात नवरा बायकोवर हात टाकतो, आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणायचं. तसं म्हटलं की नटांनी जसेच्या तसे गोठून उभं राहायचं आणि काय करायला हवं होतं ते लोकांनी बोलायचं.

नवऱ्याचं काम करायला एकही मुलगा तयार होईना.

“उद्या मला मुलगी कोण देईल?” एक म्हणाला.

“तसंही कोण देतंय?” धाकटी म्हणाली. “आमच्या भाऊजींना विचारते. त्यांचं लग्न उरकलंय.”

भाऊजी चष्म्याच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी अशी हळुवार बसवत की म्हाताऱ्या बायका मुद्दाम त्यांच्याकडेच यायच्या. तालमीत पहिल्या दिवशी ते इतके लाजले की पोरं हसून बेजार झाली. मग मात्र कामात असा रंग भरला की नाव झालं. लोक ताईला म्हणत, “नशीबवान आहेस गं, घरात गाय आणि नाटकात वाघ.” ताई हसून पदर सारखा करायची.

बायकोचं काम नर्सिंग शिकणारी एक मुलगी करायची. तिची परीक्षा आली म्हणून एका रविवारी तिच्या जागी धाकटी उभी राहिली. गच्चीवर चांगली गर्दी होती, पुढच्या सतरंजीवर ताई बसलेली. भाऊजींनी संवाद म्हणत धाकटीचा दंड धरला. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, “थांबा.”

दोघं गोठली. आजी बोलल्या, मग शेजारचे गृहस्थ बोलले, मास्तरला तर स्फुरणच चढलं. आणि इकडे भाऊजींची बोटं दाबू लागली. वरून काही दिसत नव्हतं. अंगठा दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ, जिथे मांस मऊ असतं आणि बाही कधी वर सरकत नाही. सरावाच्या माणसाला कुलपाचं भोक जसं अंधारातही सापडतं तशी ती जागा त्यांना सापडली होती. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघा, बघा तिच्याकडे,” मास्तर लोकांना म्हणाला. “ही वेदना ओळखा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताई तिच्या दंडाकडे, नेमकी त्याच जागी, बघत होती.

नर्सिंगवालीला धाकटीनं दुसऱ्या दिवशी विचारलं. “छे गं,” ती म्हणाली. “मला धरायचं म्हटलं तरी त्यांचा हात थरथरतो.”

त्याच दिवशी, भाऊजी दुकानात असताना धाकटी ताईकडे गेली. ताई कणीक मळत होती.

“कधीपासून?”

“तुला आणलं तेव्हापासून,” ताई म्हणाली. “तोंडानं बोलायचे नाहीत, त्याचं असं निघायचं.”

“चल माझ्याकडे. आत्ता. मी सांगते सगळ्यांना, परवा गटाच्या बैठकीतच सांगते.”

“कोण खरं मानेल? तूच त्यांना वाघ केलंस.” ताईनं गोळा उलटा केला. “आणि परत इथेच यायचंय मला. मूल राहिलंय पोटात.”

धाकटीची नजर तिच्या पोटाकडे गेली.

“एक कर,” ताई म्हणाली, अगदी किराणा सांगावा तशा आवाजात. “नाटक असतं ना, त्या दिवशी घरी येऊन ते जेवतात आणि झोपतात. काल तर तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाळंत होईपर्यंत नाटकं वाढव.”

“ताई, तो माझा हात होता.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “म्हणून तर तुला सांगतेय. परक्या मुलीला कसं सांगू?”

बैठकीच्या दिवशी धाकटी लवकर गेली. भाऊजी खुर्च्या मांडत होते. मास्तर आला, पोरं आली, आणि काही सांगायचंय म्हणून धाकटी उभी राहिली. भाऊजी हातातली खुर्ची न ठेवता तिच्याकडे बघत राहिले.

“बायकोचं काम यापुढे मी करीन,” ती म्हणाली. “आणि रविवारी एकच प्रयोग पुरत नाही. बुधवारीही ठेवू या.”

“याला म्हणतात तळमळ,” मास्तर म्हणाला. “भाऊजी, तुम्हाला जमेल?”

भाऊजींनी खुर्ची खाली ठेवली, तिच्यावरची धूळ रुमालानं पुसली आणि धाकटीपुढे सरकवली.

“घरचंच काम आहे,” ते म्हणाले. “बस.”

धाकटी बसली.