चितेगावचं कुलूप आणि आमच्या अक्का

आमच्या अक्कांइतका लग्नाला बोलवायला अवघड पाहुणा उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मंगल कार्यालयात शिरल्यावर बाकीच्या बायका नवरीचा शालू बघतात. अक्का तडक मागच्या बाजूला जाऊन भांडी घासणाऱ्या बायका जेवल्या का ते बघतात. उस्मानपुऱ्यातल्या एका लग्नात त्या जेवल्या नव्हत्या, तेव्हा अक्कांनी नवरदेवाच्या मामांना भर पंगतीतून उठवलं. "मामा, तुम्ही सकाळपासून बसूनच आहात, त्या सकाळपासून उभ्या आहेत," एवढंच म्हणाल्या. मामा हातात जिलबी घेऊन बराच वेळ खांबाला टेकून उभे होते.

हा त्यांचा स्वभाव, आणि नोकरीही तीच. परदेशातल्या मोठ्या कंपन्या आपल्याकडच्या कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग घेतात, ते कारखाने आणखी लहान कारखान्यांकडून. या साखळीच्या पार शेवटी जो माणूस राबतो त्याला माणसासारखं वागवतात का, हे तपासून त्या मोठ्या कंपन्यांना अहवाल द्यायचा. सवय अशी जडली की आमच्या घरी आल्या तरी चपला काढायच्या आधी गॅसची नळी बघतात. एकदा आमच्या कामवाल्या मावशींना माझ्यादेखत विचारलं, "हे ओरडतात का हो तुमच्यावर?" मावशी "नाय बा" म्हणाल्या खऱ्या, पण म्हणण्याआधी किंचित थांबल्या. त्या थांबण्याबद्दल अक्कांनी मला आठवडाभर फैलावर घेतलं.

एकदा त्यांची ठरलेली गाडी आली नाही म्हणून पैठण रोडवरच्या चितेगावला मी त्यांना घेऊन गेलो. सुटे भाग घासून खोक्यांत भरायचा कारखाना. कामावर सगळ्या आसपासच्या बाया. अक्का साध्या सुती साडीत, खांद्याला पिशवी. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला. मालकांनी मलाच मोठा साहेब समजून खुर्ची दिली, चहा दिला, आणि अक्कांना म्हणाले, "बाई, तुम्ही तिकडं बसा." अक्का खुशाल तिकडं बसल्या, म्हणजे बायांच्या मधोमध, त्यांच्याच डब्यातली भाकरी मोडून घेत, एकेकीचं नाव विचारत.

कारखाना आरशासारखा लख्ख होता. संडासात साबण इतका नवा की त्यावरची अक्षरंही झिजली नव्हती. कुणालाही विचारा, उत्तर एकच, "कायबी तरास नाय मॅडम." पण जेवायची वेळ झाली तरी एकीचीही पाण्याची बाटली अर्धी झाली नव्हती, आणि ते उन्हाळ्याचे दिवस. अक्का हलकेच म्हणाल्या, "पाणी का पीत नाही गं पोरींनो?"

शेवटी नाकात मुरणी घातलेली एक बाई खाली बघत म्हणाली, "पेलं की जावं लागतं, अक्का. किल्ली सायबाकडं असती. जेवायच्या सुट्टीतच मिळती."

अक्का उठल्या, मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "संडासाचं कुलूप कुठंय?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. मग त्यांनी खण उघडून कुलूप टेबलावर ठेवलं आणि एकदम रडवेले होऊन म्हणाले, "ताई, वरचे लोक एक दिवस सवड देत नाहीत. माल वेळेवर गेला नाही तर माझं काम जातं. मी काय करू?"

अक्कांनी अहवालात कुलूप लिहिलं, तसंच मालकांचं हे वाक्यही लिहिलं. खरी भानगड तिथून सुरू झाली. अहवाल वर गेला आणि मोठ्या कंपनीने बाणेदारपणे कळवलं, असल्या कारखान्याकडून आम्ही माल घेणार नाही. अक्का फोनवर कडाडल्या, "म्हणजे खरं बोलल्याची शिक्षा त्या बायांना? घाई तुमची, कुलूप त्याचं. दोघंही सुधरा. काम तोडू नका!" महिनाभर त्या आमच्याकडेच राहून रोज कंपनीला फोन करत होत्या. त्या दिवसांत आमच्या घरी कुकरच्या शिट्टीपेक्षा अक्कांचा आवाज जास्त वेळा ऐकू यायचा.

शेवटी कंपनीने माल द्यायची मुदत वाढवली. कुलूप गेलं, आणखी एक संडास बांधला, एकाही बाईचं काम गेलं नाही. अक्कांचं मात्र गेलं. "फार वेळ लावता" म्हणत त्यांच्या जागी दुसऱ्यांना नेमलं. आता अक्का गंगापूरला सासरी राहतात. गुडघे दुखतात म्हणतात, बाकी काही म्हणत नाहीत.

परवा पैठण रोडला चहाला थांबलो, तर शेजारी तीच मुरणीवाली बाई जीपची वाट बघत उभी. तिने मला ओळखलं. "अक्का येत नाय व्हय आता? नवे साहेब येतात. लई चांगले हायत, समदं इचारतात, लिवून घेतात." मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "नाव तेवढं इचारत नाय कुणाला."

संध्याकाळी अक्कांना फोन करून हे सांगितलं. अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "दाजी, तुम्ही विचारलंत का तिचं नाव?"

मी विचारलं नव्हतं.