बद्रीनाथरावांचं ताक

सरकारी खात्यातली कारकुनी संपवून बद्रीनाथराव सिडकोतल्या घरी बसले, तेव्हा आपलं मन अशांत आहे असा शोध त्यांना लागला. नोकरीत हे कळायचं कारण नव्हतं. तिथं मनाला काम पडलं नव्हतं. त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लावून दिली. ती आयुष्यभर घ्यायची, हे त्यांना मानहानीचं वाटलं. त्यांनी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, गोळी बंद केल्याचं घरात जाहीर केलं आणि सगळ्या धर्मांतून मिळेल तेवढी शांती गोळा करायला ते निघाले.

पहाटे नामस्मरण. दुपारी बुद्धविहारात शिकून आलेलं श्वास पाहणं. रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर गुडघे टेकणं. शेजारच्या शेख मुनाफभाईंकडून सजद्याची रीतही त्यांनी समजून घेतली. देवाशी त्यांचं काही काम नव्हतं, फक्त परिणाम हवा होता. आंबा नको, त्यातलं जीवनसत्त्व तेवढं द्या, अशी तऱ्हा. मुनाफभाईंनी एकदा सांगून पाहिलं, "बद्रीभाई, अपन तो गोली खाके मस्जिद कू जातें. नमाज कू कुछ फरक नै पडता."

बद्रीनाथरावांनी त्यांच्याकडे करुणेनं पाहिलं. करुणा त्यांनी विहारातून आणली होती.

परिणाम मात्र खरोखर दिसला. घरातल्या यंत्रावर रक्तदाब रोज अगदी जागच्या जागी. तो आकडा ते गल्लीत सांगत, नातेवाइकांना फोन करून सांगत. ध्यानातून उठलं की ग्लासभर ताक, हाही त्यांच्या पद्धतीचा भाग ठरला. कारण पत्नी वच्छलाबाई ते न चुकता समोर आणून ठेवत.

वच्छलाबाई त्या ताकात गोळी घालत. जिऱ्याबरोबर खलात कुटून, डॉक्टरांना विचारून. नवरा जगावा एवढीच त्यांची साधना होती, आणि तिचं श्रेय कोण नेतो याची त्यांना फिकीर नव्हती.

मग ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं बद्रीनाथरावांचं व्याख्यान ठेवलं. विषय, सर्वधर्मीय ध्यान आणि मनःशांती. लासूर स्टेशनहून वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ मोतीराम मुद्दाम आला. त्याचं अडतीचं दुकान. आवाज मोठा, रक्तदाब त्याहून मोठा. चेहरा तांबारलेला, चालताना भिंतीला हात. दाजींचा फोन आल्यापासून आपण गोळी सोडली, ध्यान करतो, ताकही पितो, असं त्यानं बहिणीला कौतुकानं सांगितलं.

त्याला बाजूला घेऊन, आजच्या आज गोळी सुरू कर, असं वच्छलाबाईंनी विनवलं. मोतीराम हसला.

"दाजी घेतात व्हय गोळी? नाय ना? मग मलाच कामून सांगती, अक्का?"

याला एकच उत्तर होतं, आणि ते देण्याआधी व्याख्यान सुरू झालं.

ऐन रंगात बद्रीनाथरावांनी मोतीरामला पुढं बोलावलं आणि त्याच्या दंडाला यंत्राचा पट्टा बांधला. आकडा पाहून त्यांनी यंत्र पालथं ठेवलं. मग म्हणाले, याचं मन अजून बाजारभावात अडकलंय. डोळे मिटून बसू दे, उतरेल. मोतीराम डोळे मिटून बसला. थोड्या वेळानं तो एका अंगाला कलू लागला, तेव्हा श्रोत्यांना ती समाधीच वाटली. दोघांनी तर हात जोडले.

वच्छलाबाई उभ्या राहिल्या.

"मोतीराम, डोळे उघड. तुझ्या दाजींच्या ताकात मी रोज गोळी घालते."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणालाच ठरवता येईना. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कोणती?"

तोवर श्रोत्यांत बसलेल्या मुनाफभाईंनी मोतीरामला उठवून आपल्या गाडीत घातलंही होतं. वेळेत दवाखाना गाठला म्हणून तो वाचला. गाडीत बद्रीनाथराव नव्हते. ते व्यासपीठावरच डोळे मिटून बसले होते, आणि ती कोणत्या धर्माची पद्धत, हे तेवढं कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर, आपण पत्नीला क्षमा केल्याचं त्यांनी सांगितलं. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. तिच्या भावाचं कसं आहे, ते विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखं नामस्मरण झालं. वच्छलाबाईंनी ताकाचा ग्लास समोर ठेवला आणि शेजारी बशीत आख्खी गोळी.

"कालवू, का अशीच घेता?"

बद्रीनाथरावांनी गोळीकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

"कालव," ते म्हणाले.