टेकव-उचल आणि माझे मावसाजी

जगातली सगळी माणसं माझ्या मावसाजींनी दोन ढिगांत वाटून टाकली होती: गाडी थांबवता येणारी आणि गाडी थांबवता न येणारी. दुसऱ्या ढिगात जवळजवळ सगळं जग होतं. त्यात माझे वडील होते, माझे दोन्ही मामा होते, प्रचाराला गावात येऊन गेलेल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे ड्रायव्हर होते. आता वर गेल्यावर यमराजाच्या रेड्यालाही त्यांनी "असा धसका देऊन थांबवतेत का बापा जनावर?" असं सुनावलं असणार, याविषयी मला शंका नाही.

मावसाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान, राहणार सिहोरा. घरची थोडी धानाची शेती, पण ती मावशीच्या भरवशावर. स्वतः बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, आणि शेवटची काही वर्षं नव्या ड्रायव्हरांचे गुरू. कुठल्याही वाहनात ते चालवणाऱ्याच्या शेजारीच बसत आणि त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राही. आमच्या भंडाऱ्याच्या घरच्या जुन्या गाडीत डाव्या बाजूच्या रबरी चटईला बरोबर त्या जागी भोक पडलं होतं. हिवाळ्यात गावात नाटक लागलं की मावसाजी पहिल्या रांगेत. नायक नायिकेकडे धावत निघाला की यांचा पाय खाली गेलाच. एकदा तर तो नायक खरोखरच वेळेवर न थांबता पेटीवाल्याच्या अंगावर गेला, आणि मावसाजी आजूबाजूच्यांकडे वळून म्हणाले, "सांगतलं होतं मी."

नव्या ड्रायव्हरला शिकवताना ते पितळेचा पेला पाण्यानं काठोकाठ भरून इंजिनाच्या झाकणावर ठेवत. गाडी थांबली आणि थेंब सांडला, की पुन्हा. रस्त्यात थांबा असो वा नसो, माणूस उभा असो वा नसो, दर फर्लांगावर हुकूम सुटे, "थांबव. उचल. थांबव. उचल." रिकाम्या बसचा हा प्रकार बघून वाटेतल्या गावांतली माणसं हात दाखवून पळत येत आणि दार गाठेपर्यंत बस पुढं गेलेली असे. त्यांच्या शिव्या मावसाजी शांतपणे खात. "सरळ रस्त्यानं तं बैल बी गाडी घरी आणते," ते शिकाऊ पोराला सांगत, "गाडीवान झोपला असला तरी आणते. थांबवणं हे मानसाचं काम."

स्वतःच्या मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी याच कसोटीवर ठरवलं. बघायला आलेल्या मुलाचं शिक्षण, नोकरी, पत्रिका काही न विचारता त्याला शेजारच्या ट्रॅक्टरवर बसवलं. बिचारा इस्त्रीची पँट घालून आलेला. तीनदा ट्रॅक्टर बंद पाडला, चौथ्यांदा निघाला तर समोर कोंबडी. पण थांबवला मात्र असा अलगद, की कोंबडीनं मान वर करूनही पाहिलं नाही. मावसाजी घरात येऊन मावशीला म्हणाले, "पोरगा घाबरते, पण दचकत नाही. देऊन टाक." तो संसार आजही छान चालला आहे.

मला गाडी त्यांनीच शिकवली. कॉलेजच्या सुट्टीत, मागून आणलेल्या जीपमध्ये, गावच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर. पारीवर पळसाची झाडं होती आणि प्रत्येक झाडापाशी थांबायचं होतं. अकरा दिवस मी पहिल्या गिअरच्या पुढं गेले नाही. शेवटी रडकुंडीला येऊन विचारलं, "मावसाजी, चालवायची कधी?"

"चालवून काय करशीन?" ते म्हणाले. "जिथं थांबाव वाटते तिथं थांबता आलं, की चालवणं आपोआप येते."

पुढं मी वैमानिक झाले. माझ्या वडिलांना ही गोष्ट पटायला दोन वर्षं लागली, मावशीला अजून पटलेली नाही, पण मावसाजींना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या मते मी एसटीच्याच वरच्या विभागात लागले होते. लहान विमानांवरचं शिक्षण संपलं, मोठ्या जेट विमानाचं शिक्षण सुरू झालं, आणि शेवटची परीक्षा नेमकी आली नदीपलीकडे, शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर. त्याच्या दोन दिवस आधी मी सिहोऱ्याला गेले. मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. मावसाजींनी खाट ओढली आणि उलटतपासणी घेतली.

"म्हणजे विमान खाली आणाचं, चाकं टेकवाची, अन् थांबवाचं नाही?"

"नाही. तसंच पळवत न्यायचं, इंजिन वाढवायचं, पुन्हा वर. मग गोल फिरून पुन्हा खाली. असं सहा वेळा."

"काहून?"

मी सांगू लागले. मोठ्या विमानाचं शिक्षण बहुतेक सगळं खोट्या विमानात होतं; एका खोलीत, पडद्यासमोर. तिथं आग लागते, इंजिन बंद पडतं, वादळ येतं, सगळं शिकून होतं. पण जमिनीवर उतरतानाचे शेवटचे वीस-तीस फूट, नाक कधी उचलायचं, चाक टेकताना बुडाला काय जाणवतं, हे खऱ्या विमानात हाताला कळावं लागतं. म्हणून एकाही प्रवाशाशिवाय रिकामं विमान घेऊन जायचं आणि टेकवत राहायचं.

"ते समजलं," मावसाजी म्हणाले. "पण थांबत काहून नाही? थांबवणं तं मेन हाये."

"थांबवलं तर ब्रेक तापतात, मावसाजी. एवढं धूड आहे. ते थंड होईपर्यंत वाट बघा, मग वळवून पुन्हा धावपट्टीच्या टोकाला न्या. दोनदा उतरेपर्यंत तास जातो. आणि शिकायचं आहे ते टेकवणं. ब्रेक लावणं खोलीतच शिकून झालंय."

"अन् टेकल्यावर वर नेतानी?"

"मी फक्त विमान सरळ ठेवायचं. पंखांच्या पट्ट्या परत बसवणं वगैरे शेजारी बसलेले शिक्षक करतात. त्यांनी हो म्हटलं की उचलायचं."

मावसाजींनी खाट मावशीच्या सुपाकडे सरकवली. मग मावशीकडे वळून म्हणाले, "रोवण्यावर नवी पोट्टी आली, का तिनं एक रोप लावाव, पाय धुवाव, घरी जाऊन चहा प्याव, अन् मंग दुसरं लावाले याव? थे चिखलातच उभी राहते अन् लावतच जाते. हात बसला पाहिजे."

"मले काय सांगता?" मावशी म्हणाली. "रोवणा मी करतो. तुम्ही बांधावर उभे राहता."

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं शिकाऊ होतो. मी आणि माझा एक सोबती. पाळी आधी माझी. मावसाजींनी मला न सांगता एक काळीपिवळी जीप-टॅक्सी ठरवली होती, तीत कोंबून चौदा माणसं आणली होती, आणि सोबत नारळ व झेंडूचा हातभर हार. कुंपणाबाहेर काय काय झालं ते मला नंतर मावशीनं सांगितलं. आत काय झालं ते माझं मला माहीत होतं.

पहिल्या खेपेला मी नाक लवकर उचललं. विमान धावपट्टीवर तरंगतच राहिलं, पट्टी सरकत गेली, आणि चाक टेकण्याआधीच शिक्षक म्हणाले, "वर." ही खेप धरलीच गेली नाही. दुसऱ्या खेपेला नाक उचललंच नाही म्हणा ना. असा दणका बसला की माझे दात वाजले. शिक्षकांनी पट्ट्या बसवल्या आणि नुसतं 'हो' म्हटलं. आणखी दोन खेपा अशाच गेल्या तर मला उठवून मागं बसवणार आणि कदाचित पुन्हा बोलावणारही नाहीत, हे मला ठाऊक होतं.

बाहेर काळीपिवळीतली मंडळी हवालदिल झाली होती. गावचे पोलीस पाटील म्हणाले, "भाऊ, पोरीले उतरता येऊन नाही राहिलं."

मावशीनं पदर डोळ्यांना लावला. "वरच राहते का वो आता माही पोरगी?"

"चूप!" मावसाजी कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. "आताचा जोरात बसला. आता तिले जमीन कुठं हाये ते समजलं. पाहा तुम्ही पुढचा."

पुढचा चांगला झाला. खरंच चांगला झाला. त्याच्या पुढचा त्याहून. मला वाटतं, त्या दणक्यानंतर माझ्या बुडाला आणि हाताला एकमेकांची ओळख झाली. मोजदादीतला सहावा टेकला तेव्हा शिक्षक 'वर' आणि 'हो' यांच्यापलीकडे पहिल्यांदा काही बोलले. "बस, झालं तुमचं," म्हणाले, आणि वर गेल्यावर माझ्या जागी सोबती बसला. त्याचेही सहा झाले, आणि विमान तसंच नागपूरकडे निघून गेलं.

इकडे चौदा माणसं तोंड वर करून उभी. "गेली!" कुणीतरी म्हणालं. तेरा वेळा खाली येऊन, एकदाही न थांबता, पोरगी निघून गेली होती. मावसाजींनी नारळ तिथंच फोडला. हाराचं काय करायचं हा प्रश्न उरला. शेवटी त्यांनी तो फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या गळ्यात घातला. तो बिचारा सकाळपासून या सगळ्यांना हाकलण्याचा प्रयत्न करत होता. हार पडल्यावर त्यानं सर्वांना पाणी दिलं.

मी पास झाले. पण सिहोऱ्यात मात्र माझी कीर्ती वेगळीच पसरली. सोबत्याचे सहाही माझ्याच नावावर चढले, आणि 'फलाण्याची भाची पायलट झाली, पण तिले थांबता येत नाही' असं पानठेल्यावर बोललं जाऊ लागलं. ही बातमी मावसाजींच्या जिव्हारी लागली. आयुष्यभर ज्यानं थांबवणं शिकवलं त्याच्याच शिष्येवर हा ठपका! पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी या एका कामाला वाहून घेतली. लग्नात पंगत बसली की ते वरणाच्या बादलीचं विमान आणि पंगतीची धावपट्टी करत. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर अड्याळला कुणाच्या तेरवीत, ते जमलेल्यांना रिकाम्या विमानाचं, तापलेल्या ब्रेकचं आणि रोवण्याचं उदाहरण देऊन समजावत. त्या प्रकाराला त्यांनी नावही दिलं होतं: टेकव-उचल. पोलीस पाटलांनी एकदा त्यांना पेचात पकडलं.

"हे शिकतानी ठीक हाये, भाऊ. पण आत माणसं बसली असतानी बी असंच टेकवून वर नेईन का थे?"

"नेईन!" मावसाजी कडाडले. "जागा साफ नसन, हवा बरोबर नसन, तं नेलंच पाहिजे वर! खाली आलो म्हणून बसलंच पाहिजे, असा कायदा हाये का? वर नेता येते म्हणून तं तिले खाली आणू देतेत."

विमानशास्त्राच्या पुस्तकात हे इतक्या थोडक्यात मी कुठं वाचलेलं नाही.

इतकं सगळं, पण स्वतः विमानात बसायचा विषय निघाला की मावसाजींना काहीतरी काम आठवे. माझा मावसभाऊ पुण्याला असतो. त्याच्याकडे जायचं तर हे आगगाडीनंच जाणार. "रेल्वेत डबा खोलून जेवता येते," म्हणत. "विमानात खिडकी बी खोलू देत नाही." शेवटी मावशीच्या गुडघ्यांनी निकाल लावला. तिला गाडीत रात्रभर बसवेना. मी नागपूरहून पुण्याला जाणारी माझी फेरी बघून दोघांची तिकिटं त्याच विमानाची काढली. मावसाजी नवं धोतर नेसून आले. दारात मी गणवेशात उभी होते. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "ड्युटीवर नाही," म्हणाले.

त्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी उतरवायचं काम मला दिलं. मी आजवर इतकं जपून विमान उतरवलेलं नाही. पुण्याची हवा शांत होती, आणि चाकं कधी टेकली ते माझं मलाही नीट कळलं नाही. प्रवासी उतरू लागले तशी मी दारापाशी धावत आले.

"मावसाजी, कसं झालं लँडिंग?"

त्यांनी डोळे चोळले. "मी तं झोपलो होतो वो बाई. मले समजलंच नाही."

मी आधी हिरमुसले. मग वाटलं, ज्याच्या गाडीत प्रवासी झोपतो त्याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं? मावसाजींच्या तोंडून आणि काय हवं? ती गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना तर हमखास.

गेल्या हिवाळ्यात मावसाजी गेले. मी दूर होते; पोचले ती तेरवीला. माणसं पांगल्यावर मावशीजवळ बसले आणि तिला बरं वाटावं म्हणून तीच गोष्ट काढली. मावसाजी माझ्या विमानात कसे गाढ झोपले होते.

मावशी कितीतरी वेळानं पहिल्यांदा हसली.

"झोपले कायचे वो!" ती म्हणाली. "नागपूरपासून डोये गच्च मिटून बसले होते. भेवानं, दुसरं काय. माहा हात असा दाबला का दोन बांगड्या फुटल्या. मले म्हणे, पोट्टीले सांगू नको. तिले वाटन, मावसाजीचा आपल्यावर भरोसा नाही."

"मग बसले कशाला? रेल्वेनं गेले असते."

"मी बी तेच म्हटलं. तं म्हणे, तिची गाडी हाये, आपण नाही बसाव तं कोण बसाव?"

मग तिनं हात पुढं केला. मनगट मोकळं होतं. फुटलेल्या काचेचा ओरखडा कुठं उठला होता ते ती मला दाखवू पाहत होती. तिथं आता काहीच नव्हतं. ती तरी बोटानं चाचपत राहिली.

"इथंच होता," ती म्हणाली.